काट्यावरचा मामा

विचुंब्यात अंगावरचं वजन म्हणजे घरातली बरकत, असे ते दिवस होते, आणि त्या मापानं, सगळं गाव ज्याला मामा म्हणायचं त्याची बरकत एकशे अठरा किलो भरायची. घरातल्या छोट्या काट्यावर तो मावत नसे. म्हणून दर रविवारी सकाळी आमच्या भातगिरणीत येऊन तांदळाच्या गोण्यांच्या काट्यावर उभा राहायचा. चपला काढून, किल्ल्या आणि मोबाईल माझ्या हातात देऊन, श्वास रोखून. "कवरा झाला रं?" मी आकडा सांगितला की म्हणायचा, "तुझा काटा खराब हाय."

याची सुरुवात त्याच्या थोरल्या भाचीच्या लग्नात झाली. आमच्याकडे नवरीला मामा उचलून बोहल्यावर आणतो. मामाच्या अंगातली आदल्या रात्रीच्या हळदीतली दारू अजून उतरली नव्हती. आठ पावलं चालला आणि भर मांडवात नवरीसकट खाली बसला. लोक हसले, तोही हसला. पण पुढं धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा ती मायेनंच म्हणाली, "मामा, मी चालतच येईन. तुला त्रास नको." ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. लग्नाला आठ महिने होते. त्याच रविवारी मामा गिरणीत हजर.

दारू त्यानं एकदम सोडली नाही. रोजची होती ती दिवसाआड केली, मग फक्त रविवारची, तीही काटा झाल्यावर. त्यात त्याला एक शोध लागला आणि तो भेटेल त्याला ऐकवायचा. "दारू एकटी नाय येत रं, वरात घेऊन येते. बोंबील येतात, मटन येतं, पापड येतात. नवरीच नाय आली तं वरात कशाला येल?"

खरी पंचाईत हळदीला व्हायची. हळदीच्या मांडवात नको म्हणणं म्हणजे घरवाल्याचा अपमान. मामा घरून थर्मासमध्ये कोरा चहा आणून ग्लासात ओतायचा आणि घोळक्यात ऐटीत उभा राहायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं ग्लासातली वाफ पाहून विचारलं, "ही कंची रं?" मामा म्हणाला, "फॉरेनची." म्हाताऱ्यानं हट्टानं घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी हाय."

शर्ट ढगळ झाले तशी गावात कुजबुज सुरू झाली. माणूस बारीक झाला म्हणजे दुखणं मोठं, हे आमचं वैद्यक. बायका नारळ-सफरचंदं घेऊन त्याला भेटायला येऊ लागल्या. मामाची बहीण, म्हणजे नवरीची आई, तर रडतच आली आणि थेट मामीवर घसरली, "माज्या भावाला जेवाला घालतेस का नाय?" मामानं तिला हाताला धरून गिरणीत आणलं. तिथं भाचीच्या वजनाची एक गोणी मी भरून ठेवली होती. रोज ती उचलून तो गिरणीच्या अंगणात फेऱ्या घालायचा. बहिणीसमोर त्यानं ती उचलली, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ही तुझी पोर. आता नाय पडनार." बहीण पुन्हा रडली, पण आता मामीच्या गळ्यात पडून.

लग्नाच्या सकाळी मामा ब्याण्णव किलो होता. त्यानं भाचीला उचललं तेव्हा मी श्वास रोखून पावलं मोजत होतो. आठवं पडलं, नववं पडलं, आणि माझे डोळे भरून आले. बोहल्याशी पोचला तरी तो तिला खाली ठेवेना. भटजी म्हणाले, "अहो मामा, मुहूर्त जाईल." मामा म्हणाला, "थांबा ओ जरा. आठ महिने लागलेत हितवर यायला."

पुढं शेतांच्या इमारती झाल्या आणि गिरणी बंद पडली. काटा मी अंगणात ठेवलाय. मामा अजूनही रविवारी येतो, पण आता काट्यावर मी उभा असतो आणि आकडा तो वाचतो. माझ्या भाचीचं लग्न ठरलंय.

"काटा खराब आहे," मी म्हणतो.

"काटा चांगला हाय," मामा म्हणतो. "गोनी कवऱ्याची भरू, ता सांग."