भाऊजींच्या मंगळावरची धूळ

मंगळावर आज थंडी किती पडली, हे अख्ख्या नागपुरात सगळ्यात आधी माझ्या नणंदेला कळायचं, आणि तिला ते अजिबात नको असायचं. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सकाळच्या चहाबरोबरच तिकडची खबर द्यायचे. मे महिन्यात इथे डांबर पायाला चिकटतंय, आणि हा माणूस कूलरसमोर शाल पांघरून बसलेला. विचारलं तर म्हणणार, "तिकडे उणे ऐंशी हाय वहिनी. पाहूनच हुडहुडी भरते." एका लग्नात शेजारच्या पाहुण्याने सहज विचारलं, वादळ येईल काय हो? भाऊजींनी ताट हातात धरून त्याला असं काही धुळीचं वादळ समजावलं, की तो बिचारा जेवण टाकून मंडपाखालची गाडी हलवायला पळाला. ते वादळ मंगळावरचं होतं हे सांगायचं राहूनच गेलं. नणंद कपाळाला हात लावून मला म्हणायची, "ह्या माणसाले सैपाकघरातला नळ गळून राहिला ते दिसत नाही वं, अन् तिथला दगड सरकला ते बराबर दिसते."

आता यात त्यांचा तरी काय दोष. जन्मभर नोकरी केली सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत, मोजणीची. खालून कोळसा काढला की वरची जमीन किती खचली, ते पाहायचं. रिटायर झाले आणि पाहायला जमीनच उरली नाही, म्हणून मंगळाची धरली. तिथल्या यानांनी पाठवलेली चित्रं कोणालाही कॉम्प्युटरवर बघता येतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एकाच उताराची दोन चित्रं घ्यायची, एक जुनं, एक नवं, आणि बटण दाबून आलटूनपालटून पाहायची. जे बदललं नाही ते जागच्या जागी राहतं, बदललेलं तेवढं हलतं. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा भर दुपार होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, खोलीत अंधार, कोपऱ्यात नणंद लवंडलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. टक, टक, टक. डोंगर तसाच, दगड तसेच, पण वाळूच्या रेघा मात्र सरकत होत्या. जिथे कधी कोणी पाऊल टाकलं नाही तिथलं अंगण कोणी झाडून गेल्यासारख्या. "कोण करते हो हे?" मी विचारलं. "वारा," भाऊजी म्हणाले. मग पुन्हा बटण दाबत, "दुसरं कोणी असतं तर तुमच्या नणंदेसमोर बोललो असतो काय?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, की मोठं वादळ उठलं आहे. मी गेले तर खुर्चीच्या टोकावर बसलेले. "पाहा, वरच्या कोपऱ्यातून काळी धूळ उतरून राहिली. काल इथवर होती, आज इथवर." मी पाहिलं. चित्र आरशासारखं स्वच्छ. उतारावरचा खडा न् खडा दिसत होता. मला वाटलं, माझाच चष्मा खराब. म्हटलं, "जुनं चित्र लावा बरं." त्यांनी लावलं. "यातही धूळ हाय?" "हाय," ते म्हणाले, आणि बोट बटणावर तसंच राहिलं. जो डाग प्रत्येक मापात त्याच जागी येतो तो जमिनीचा नसतो, दुर्बिणीचा असतो, हे खाणीवरच्या पोरांना त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी एक डोळा झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. नणंद पन्हं घेऊन दारात आली, "काहून झाकाझाकी चालली म्हातारपणी?" म्हणाली, आणि आमच्याकडे पाहून तिथेच उभी राहिली. "वादळ तिकडे नाही," भाऊजी म्हणाले. "माह्याच डोळ्यात हाय."

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटलाय, यायला उशीर केला. ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही, आणि वर्षभरात दुसऱ्या डोळ्याचंही तेच झालं. आता त्यांना खिडकीत ऊन आहे की नाही एवढंच कळतं. म्हणून दुपारी मी जाते. बटण मी दाबते आणि काय हललं ते सांगते. सुरुवातीला मी खड्ड्याला टेकडी म्हणायचे, बोलणी खायचे. आता त्यांच्यासाठी पाहता पाहता मलाच त्या उताराची सवय झाली आहे, माहेरच्या परसासारखी.

मागच्या महिन्यात मात्र नवं चित्रच येईना. रोज तेच जुनं. ते खुर्चीत वाट पाहत बसलेले, मला नाही म्हणवेना. मी आपली सांगत सुटले, की रेघा जरा खाली आल्यात, मोठ्या दगडामागे धूळ साचली आहे. दोन-चार दिवस त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, आपल्या अन् मंगळाच्या मधात सूर्य आला की तिकडून काही येत नसते. मले माहीत हाय." मी बटणावरून बोट उचललं. "पण तुम्ही थांबू नका," ते म्हणाले. "सांगा."

मग मी सांगितलं, की उताराच्या पायथ्याशी, सावलीत, जमीन ओली दिसते आहे.

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. "ओली?" ते म्हणाले. "हात लावून पाहा बरं."

मी काचेवर तळवा टेकवला, आणि तिथेच राहू दिला.