इमाम मिस्त्रींनी धरलेलं उदमांजर

कसबा बावड्यात इमाम मिस्त्रींच्या हातचा उंदराचा पिंजरा नाही असं घर शोधावं लागेल. तीस वर्षं वेल्डिंग करणारा हा माणूस स्वभावानं इतका गरीब, की लायसन खिशात असूनही पोलीस दिसला तर गाडीवरून उतरायचा. अशा माणसाच्या हातून गुन्हा घडावा, ही नशिबाची थट्टाच म्हणायची.

शेजारच्या धोंडुबाईंच्या कौलांखाली आठ दिवस काहीतरी धावत होतं. म्हातारी एकटी, तिनं धास्तीनं अंथरूण धरलं.

"इमाम, माज्या जिवाचं बरंवाईट झाल्यावर येणार हाईस व्हय?"

मिस्त्रींनी मोठा पिंजरा केला, आत पिकलेलं केळं टांगलं. सकाळी बघतात तो आत काळपट, लांब शेपटीचं उदमांजर गुरगुरत होतं. पिंजरा टेम्पोत घालून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कळंब्याला गेले आणि तळ्याकडेच्या झाडीत त्याला सोडून आले. मारलं नाही, सोडलं. त्यामुळे पुण्य पदरात पडलं अशीच त्यांची समजूत होती.

आता कोल्हापुरात कुणी काही केलं आणि त्याचा डिजिटल बोर्ड लागला नाही, असं होत नाही. गल्लीतला अमरसिंह निवडणुकीच्या तयारीत होताच. संध्याकाळपर्यंत चौकात फलक झळकला. 'धाडसी कामगिरीबद्दल अभिनंदन!' पिंजऱ्यासह मिस्त्री, खाली त्यांचा मोबाइल नंबर, आणि कोपऱ्यात मिस्त्रींच्या दुप्पट अमरसिंह. मिस्त्री लाजले खरे, पण उगाचच दोनदा चौकातून जाऊन आले.

कॉलेजातून आलेल्या नुजहतनं, त्यांच्या मुलीनं, दारातूनच सांगितलं, "अब्बा, आधी बोर्ड उतरवा! वनखात्याला न विचारता जंगली जनावर धरणं गुन्हा हाय. जेल होते."

"अगं, मी मारलं कुठं?"

"धरलं तरी गुन्हाच. आनि दुसरीकडं नेऊन सोडलं, ते जगंल का मरंल, कोण बघणार?"

मिस्त्री तसेच अमरसिंहाकडे धावले.

"का हो चाचा? फोटो बरा न्हाय आला व्हय?" तो म्हणाला. "चार दिवस तर ऱ्हाऊ द्या की. शुभेच्छुकांची नावं हाईत खाली."

त्या रात्री मिस्त्री जेवले नाहीत. फोन वाजला की घाम फुटायचा. फोन यायचे ते 'आमच्याकडची माकडं धरता का' विचारायला, पण चोराच्या मनात चांदणं! सकाळी फलकापाशी खाकीतला माणूस दिसला तेव्हा ते टेम्पोआड लपले. तो कारखान्याचा वॉचमन निघाला.

तेवढ्यात धोंडुबाई आल्या. "इमाम, वर कायतरी रडतंय रं."

मिस्त्रींनी शिडी लावली, दोन कौलं सरकवली. खाली तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. मूठभर देह, तोंडं उघडी. मिस्त्रींनी त्यांची आईच उचलून नेली होती. कालपासूनची सगळी भीती एकीकडे आणि ही उघडी तोंडं एकीकडे. मिस्त्री शिडीवरून उतरेनात.

मागोमाग आलेल्या नुजहतनं वनखात्याचा नंबर काढून फोन वर दिला. "त्यांनाच जमंल, अब्बा. आपण हात लावायचा न्हाय."

"मी बोलते," धोंडुबाई म्हणाल्या. "पिल्लं घावली म्हणून सांगते. तुजं नाव कशाला घेऊ?"

क्षणभर मिस्त्रींना हायसं वाटलं. खोटं का बोला, मोहच झाला. पण वनखात्याचे साहेब विचारणारच, आई कुठे आहे? कळंब्यातली ती झाडी, ते करंजाचं झाड, एवढं मोठं तळं. जागा एकट्या मिस्त्रींना माहीत. ती सांगायची तर पिंजरा आला, टेम्पो आला, नाव आलं.

मिस्त्रींनी स्वतःच फोन लावला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडून साहेबांनी विचारलं,

"तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, कळतंय ना?"

"व्हय साहेब," मिस्त्री म्हणाले. त्यांना रडू फुटलं होतं. "जागा दावतो, सही करतो, काय म्हणशीला ते करतो. पर बिगीनं या. एक पिल्लू गार पडाय लागलंय."