अण्णांची एकोणीस गाणी

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच कॉम्प्युटरला शिव्या घालायला नकोत. त्या मी पुरेशा घालून झाल्यात.

आम्ही तेव्हा वारज्यात नुकतेच राहायला आलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णा टपाल खात्यात पत्रं लावायच्या कामावर होते, पण नोकरी म्हणजे आपली पोटापुरती. माणूस खरा गाणारा. विहारातल्या चार मित्रांना घेऊन त्यांनी गायन पार्टी काढली होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला ही पार्टी गायची. गाणी अण्णांनी रचलेली आणि चालीही त्यांच्याच. शब्द खात्यातल्या बाद फॉर्मांच्या पाठीवर लिहायचे, चाल मात्र कुठेच लिहिलेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चाल काय लिहून ठेवायची असते होय? ती गळ्यात असते."

मी मात्र बेसूर. आठ वर्षांची असताना हौसेनं पार्टीच्या कोरसमध्ये उभी राहिले होते. पहिलं कडवं झालं आणि अण्णांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू टाळ्या वाजव." पुढे कितीतरी वर्षं मी टाळ्याच वाजवल्या. ताल माझा पक्का आहे, एवढं त्यांनीही मान्य केलं होतं.

मग त्यांचा गळाच गेला. आयुष्यात तंबाखूला बोट न लावलेला माणूस, पण घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, श्वासापुरतं. बोलणं गेलं, गुणगुणणं गेलं, साधी शिट्टीसुद्धा गेली. त्या दिवसांत मला देवाला शिव्या द्यायच्या होत्या. पण आमच्या घरात देवच नाही, त्यामुळे तीही सोय नव्हती.

अण्णा पाटीवर लिहून बोलायला लागले. खरी दगडी पाटी, लाकडी चौकटीची. मी म्हटलं, मोबाइलवर लिहा की, सोपं पडेल. तर पाटीवर उत्तर आलं, "त्याला पुसायला थुंकी चालत नाही." त्यांचा खवचटपणा काही डॉक्टरांना कापता आला नाही.

त्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता. मी पहिल्यांदा परदेशात कामाला गेले तेव्हा तिथून एक म्युझिक प्लेअर आणला होता, साबणाच्या वडीएवढा, पांढरा. खूप पूर्वी टपाल खात्याच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसून गायन पार्टीनं दोन कॅसेट भरल्या होत्या. पेटी, ढोलकी, अण्णा, आणि टाळ्या माझ्या. एकोणीस गाणी. ती मी एका सुट्टीत कॉम्प्युटरवर उतरवली आणि तिथून प्लेअरमध्ये घातली. पाचव्या गाण्यात कुकरची शिट्टी होती, ती मी मोठ्या कौतुकानं काढून टाकली. अण्णांनी ऐकलं. तेव्हा आवाज होता त्यांना. म्हणाले, "शिट्टी कुठाय? तुझ्या आईनं त्या दिवशी मटकी लावली होती." शिट्टी परत घालावी लागली.

ऑपरेशननंतर तो प्लेअर अण्णांचा झाला. सकाळी सातला गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, कानात इयरफोन घालायचे आणि दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरायचे. एकोणीस गाणी संपेपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही.

वारज्याला येताना मी घर आवरलं. आवरलं म्हणजे काय, फेकलं. कॅसेटना बुरशी आली होती. मीच म्हणाले, "अण्णा, हे ओझं आता कशाला? सगळं आत आहे ना." त्यांनी दोन्ही कॅसेट उलटसुलट करून बघितल्या, पाटी हातात घेतली, काही न लिहिता खाली ठेवली आणि कॅसेट मला दिल्या. माझ्या शिक्षणावर त्यांचा भारी विश्वास. जुना कॉम्प्युटरही गेला. त्यातलं सगळं मी नव्यात उतरवून घेतलं होतं. असं मला वाटत होतं.

आता त्या रविवारचं सांगते.

आदल्या दिवशी कॉम्प्युटरनं विचारलं होतं, नवीन अपडेट आलंय, घालू का? घाल बाबा. मी कधी नाही म्हणत नाही, कारण अपडेट न घालणाऱ्या लोकांना ऑफिसात मीच झापते. सकाळी अण्णा प्लेअर घेऊन आले. बॅटरी संपली होती आणि तो चार्ज व्हायचा तो कॉम्प्युटरलाच जोडून. पाटीवर लिहिलं होतं, "याला भूक लागली."

जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, हे कसलं उपकरण आहे ते मला माहीत नाही. काल रात्रीपर्यंत चांगला घरोबा होता की रे मेल्या! अपडेट झालं आणि ओळखच विसरला. प्लेअरही रुसला, पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं आणि तिथेच अडकला.

मी केबल बदलली. पुढचं भोक सोडून मागच्या भोकात घातली. दोन बटणं एकदम दाबून दहापर्यंत आकडे मोजले, मग वीसपर्यंत. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून प्लेअरचं केबल घालायचं तोंड पुसलं. अपडेट परत काढून टाकायला गेले तर ते निघेना. पाहुणा आत आला तो गादीवरच बसला. इंटरनेटवर माझ्यासारख्याच रडणाऱ्यांची गर्दी होती आणि जो तो दुसऱ्याला सांगत होता की केबल बदलून बघा. अण्णा मधेच चहा ठेवून गेले. सोबत पाटी होती, "डॉक्टर, पेशंट वाचेल का?"

"वाचेल हो. तुम्ही आंघोळीला जा बघू, उगाच डोक्यावर उभे राहू नका." हे मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

इथे माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी सॉफ्टवेअर बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं तपासते. त्यांच्या चुका काढायच्या, त्याचाच पगार. आमच्या कामाचा पहिला धडा असा की आधी यंत्र कोरं करा, मग तपासा. जुनं काही आत राहिलं तर दोष कुठला ते कळत नाही. ऑफिसात आमच्या टेबलावर पंधरा-वीस यंत्रं पडलेली असतात, आणि त्यांतलं एखादं अडलं की विचार न करता पुसून कोरं करायचं. काही बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत कुठेतरी ठेवलेलीच असते. नवीन मुली आल्या की मी त्यांना हेच शिकवायची, "घाबरायचं नाही गं, पुसायचं."

साडेअकराला कॉम्प्युटरनं प्लेअर एकदाचा ओळखला आणि विचारलं, हा बिघडलाय, पूर्ववत करू का? त्याखाली आणखी एक ओळ होती. मी ती वाचली असं म्हणाले तर खोटं होईल. एक मात्र केलं, कॉम्प्युटरवरची यादी उघडून बघितली. अण्णा एक, अण्णा दोन, अण्णा तीन, पार एकोणीसपर्यंत सगळी नावं जागेवर होती. म्हटलं, आहे की इथे सगळं. आणि दाबलं बटण.

दोन मिनिटांत प्लेअर असा चालायला लागला जसा कालच खोक्यातून काढलाय. मला काय आनंद झाला! पण दुरुस्ती तपासल्याशिवाय मी सोडणारी नव्हे. आमचा दुसरा धडा, काठोकाठ भरून बघा. मी कॉम्प्युटरवरची सगळी गाणी त्यात ओतली. सिनेमाची, गझला, ऑफिसातून आणलेली, माझी नसलेली, कधी न ऐकलेली, तीनेक हजार. प्लेअर गच्च भरला, तरी अडकला नाही. पास! मी तो कापडानं पुसला आणि गॅलरीत जाऊन अण्णांच्या हातात ठेवला. "घ्या तुमचा पेशंट."

त्यांनी इयरफोन घातले. दोन बोटं गुडघ्यावर तयार ठेवली. मग ती बोटं तशीच राहिली. त्यांनी पुढचं गाणं लावलं, त्याच्या पुढचं लावलं, बराच वेळ प्लेअरवरचं चाक फिरवत राहिले. शेवटी त्यांनी प्लेअर माझ्याकडे परत दिला आणि मान हलवली, चुकून दुसऱ्याचं पत्र आपल्या खणात आलं तर हलवत असतील तशी.

मी आत पळाले. यादीतल्या त्या एकोणीस नावांपुढे बारीक उद्गारचिन्हं होती. नावावर टिचकी मारली की कॉम्प्युटर म्हणे, हे गाणं सापडत नाही. मग डोक्यात उजेड पडला. कॅसेटवरून उतरवलेली गाणी मी जुन्या कॉम्प्युटरवर वेगळ्या जागी ठेवली होती, अण्णांची म्हणून खास. घर बदलताना नेहमीची सगळी गाणी नव्यात आली, नावांची यादी आली, आणि खास ठेवलेलं तेवढं मागे राहिलं. आवाज फक्त प्लेअरमध्ये होता. आणि प्लेअर मी कोरा केला होता.

"थोडा वेळ लागेल, अण्णा," मी आतूनच ओरडले. "दुसरीकडे ठेवलीत, काढते." धडधडीत खोटं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. अण्णा रोज सातला त्याच खुर्चीत बसायचे, कान मोकळे. पाटीवर भाजीचं यायचं, गॅसच्या सिलिंडरचं यायचं, गाण्यांचं एकदाही आलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी ऑफिसला जाताना चपला घालायची आणि ते हात वर करून निरोप द्यायचे, रोजच्यासारखा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शनिवारी नारायण पेठेत एका बाईंकडे गेले. पुसलेलं परत मिळवून देतात असं कळलं होतं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यांनी प्लेअर जोडला, दहा मिनिटं पडद्यावरचे आकडे वरखाली करत बसल्या.

"पुसलं तोवर ठीक होतं," त्या म्हणाल्या. "पुसलेलं खाली राहतं, काढता येतं. पण ह्याच्यावर दुसरं लिहिलंय. अगदी काठापर्यंत. कुणी केलं हे?"

"मी."

"का?"

"दुरुस्त झालाय का ते तपासायला."

"काय करता आपण?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी केबल गुंडाळली. प्लेअर माझ्यापुढे सरकवताना मात्र त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. "घरातलं काही होतं का?"

 त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

घरी आले आणि सरळ गॅलरीत गेले. उभ्यानंच सांगितलं. सगळं सांगितलं, यादी, बटण, काठोकाठ भरणं, नारायण पेठ. "मी घालवला तुमचा आवाज, अण्णा. डॉक्टरांनी एकदा घालवला, दुसऱ्यांदा मी." आणि मग मी लहान मुलीसारखं भोकाड पसरलं, वय वर्षं अडतीस.

अण्णांनी पाटी घेतली. वाटलं, आता काहीतरी खवचट येईल, आणि यावंच. त्यांनी लिहिलं, "तुला येतात ना?"

यायची. शब्द सगळे यायचे, पाठ होते. मी मान डोलावली. त्यांनी पाटीवर बोट ठेवून दाखवलं, म्हण.

मी पहिलं गाणं धरलं. "पत्र आलंय गावाला, वाचणारा कोण?" अण्णांचा हात वर झाला, चूक. पुन्हा म्हटलं. त्यांनी तळहात वर केला, म्हणजे सूर वर घे. घेतला. डोळे मिटून त्यांनी मान हलवली, खाली. 'गावाला' वर काहीतरी वळण होतं, छोटंसं, जिन्यावरून अर्धी पायरी उतरून परत चढल्यासारखं. मला ते कानात स्वच्छ ऐकू येत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. अण्णा खुर्चीच्या कडेला आले. तोंड उघडून मला दाखवायला गेले, हे बघ, असं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. पाऊण तास आम्ही त्या एका ओळीवर होतो. माझा घसा बसला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. पाटी थुंकी लावून मनगटानं पुसली आणि लिहिलं. मला दाखवली.

"तू टाळ्या वाजव."

मी वाजवायला लागले. अण्णा खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि गायला लागले. ओठ हलत होते, मान डोलत होती, समेवर हात पडत होता, गळ्यावरचं पांढरं कापड श्वासासरशी आतबाहेर होत होतं. पहिलं गाणं मी ओठांवरून ओळखलं. ते झाल्यावर ते थांबले नाहीत, दुसरं धरलं. हे दुसरं कुठलं, मी बघत राहिले, एकेक शब्द लावून बघितला, एकोणीसही नावं मनात म्हणून बघितली. टाळी मात्र मी चुकवली नाही. गाणं संपलं तेव्हा अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, जमलं का अशा नजरेनं. मी जोरजोरात मान डोलावली. कुठलं गाणं ते मला कळलंच नव्हतं.