डोमाजी दलालाची कासवं

मूलच्या बैलबाजारात डोमाजी दलालाची मोठी वट होती. बैलाच्या पाठीवर थाप मारली की त्याची खोड तो अचूक सांगायचा. त्यामुळे पहिली निवडणूक झाली त्या साली रानातून त्यानं कासवाची दोन पिल्लं आणली आणि बायकोनं, वच्छलेनं, "यातला नर कोणता?" असं विचारलं, तेव्हा "मले समजत नाई" म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं पिल्लं उलटीपालटी करून पाहिली. दोघांचं पोट सारखं, शेपटीही सारखी. मग त्यानं बैलबाजारातलीच पारख लावली. टोपल्यातून बाहेर पडायला धडपडायचा, तो राजा. वच्छलेचा आवाज चढला की मान आत ओढायची, ती राणी.

दोघांना तो कोवळा पाला घाली, सकाळचं ऊन देई, कावळ्यांच्या भीतीनं टोपल्याखाली झाकून ठेवी. आल्यागेल्याला राजाची मर्दानी चाल दाखवल्याशिवाय मात्र सोडत नसे.

कासवं चांगली मोठी झाली आणि एका सकाळी राजानं परसात खड्डा उकरून अंडी घातली. डोमाजीनं घाईघाईनं राणीला उलटं केलं. पोट खोलगट, शेपटी लांब. अस्सल नर!

"काऊन हो," वच्छला कडाडली, "आता बाजारात कोणतं तोंड दाखवता?"

राणीनं मान आत घेतली. डोमाजीचीही मान खांद्यात गेली होती.

"नर हाय," तो हळूच राणीला म्हणाला, "हे तं मले पहिल्याच दिवशी वळखाले पाह्यजे होतं."