सुमनची दुसरी अपॉइंटमेंट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई जाताना तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गिरीज गावचे नाही — एवढंच असेल.

नव्वदचं दशक सरत आलेलं. माझी धाकटी बहीण सुमन सासर सोडून कायमची घरी आली होती. नवऱ्याचा हात चालायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. — ‘आम्हाला’ म्हणतो मी. सवय झालीय. तिला झोप लागेना. केळींना पाणी सोडायची आणि तिथेच उभी राहायची, पाणी शेजारच्या वाडीत गेलं तरी. नवस झाले, अंगारे झाले. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, स्टेशनजवळच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम येतात, त्यांना भेटा. आईने शेजारी सांगितलं, सुमनचे डोळे तपासायचेत. मन दुखलं की आमच्याकडे डोळेच तपासायला जायचे. मी बँकेत नोकरीला, घरातला शिकलेला — म्हणून सोबत मी गेलो.

पहिल्या वेळी काय काय झालं, ते मला अजून पाठ आहे. सुमन इंजेक्शनसाठी बाही वर करून बसली होती. मॅडम म्हणाल्या, मी औषध देत नाही, आपण नुसतं बोलायचं. आज ओळख. मग झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, लहानपणी कशी होतीस. रडू आलं तर येऊ दे, गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बस. एक-दोन वेळांत बरं वाटणार नाही, कधी आधी जास्तच जड होईल, तरी येत राहा. आणि इथलं बोलणं मी घरी कुणाला सांगणार नाही — जिवाला धोका वाटला, तरच. सुमन ऐकत होती. कितीतरी महिन्यांनी ती कुणाचं काही ऐकत होती. मला आनंद व्हायला हवा होता ना?

मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून भाऊ बाहेर बसतील. ते मला नको होतं.

का, ते सांगतो. सांगतोच.

त्याच्या काही वर्षं आधी माझं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं घर बघायला आली होती, ओटीवर बसली होती. मी जेवणासाठी केळीची पानं कापायला मागे वाडीत गेलो. बावखलाच्या — आमच्या वाडीतल्या तळ्याच्या — काठाने सुमन येताना दिसली. पुढच्या रस्त्याने नाही, मागून. हातात पिशवी, ओठ सुजलेला. म्हणाली, “दादा, मला परत नको पाठवू.”

मी पाठवली. मागच्या गल्लीतून नेऊन रिक्षात बसवली. आज पाहुणे आहेत, म्हटलं, रविवारी मी स्वतः येतो न्यायला. त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. पानं घेऊन ओटीवर आलो, पंगत बसली, लग्न ठरलं. बायको माझी भली बाई आहे.

सुमनने हे घरात कधी काढलं नाही. पण बंद दाराआड, इतक्या मायेने विचारणाऱ्या बाईपाशी — काढलं असतं ना? मॅडम कुणाला सांगणार नाहीत, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मग भीती कसली? जगात एक माणूस मला तसा ओळखून असेल, एवढंच मला सोसलं नसतं.

पुढच्या आठवड्यात सुमन सकाळीच तयार झाली. वेणी घातली, मॅडमसाठी सोनचाफ्याची फुलं पानात बांधून घेतली. वाडीतली माणसं कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. मी चहा पीत होतो. म्हणालो, “अगं, दवाखान्यातून फोन होता. मॅडम म्हणाल्या, तुला काही झालेलं नाही. आता यायची गरज नाही.”

फोन मीच केला होता. ती बरी आहे, येणार नाही, असं कळवून टाकलं होतं.

तिने विचारलं, “त्या असं म्हणाल्या?” मी हो म्हटलं. फुलं तिने देवाला वाहिली. आईने हातावर साखर ठेवली — डॉक्टरने पुन्हा येऊ नका म्हटलं की आमच्याकडे माणूस बरा झाला. माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

झोप तिला नंतरही लागली नाही. पण तिने पुन्हा तक्रार केली नाही. कशाच्या जोरावर करणार? जिने तिला पहिल्यांदा नीट विचारलं, त्याच बाईने काही झालेलं नाही म्हटलं होतं. मग जे होतंय तो आपलाच दोष, असं तिने मनाशी धरलं. हे कळायला मला वर्षं लागली. कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही. घर माणसांनी भरलेलं आहे आणि मी त्यात एकटा पडलोय, पण तिच्याइतका नाही.

परवा जेवताना माझी मुलगी म्हणाली — कॉलेजात जाते — आत्याला आपण कुणाला तरी दाखवूया का? मी काही बोलायच्या आत सुमनच हसली.

“नको गं. मला काही झालेलं नाही. मॅडमनी बघितलंय मला.”

मी भात कालवत राहिलो.