गुप्ते सरांचा साहेब

शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले आणि "सर फार मोठे होते" एवढंच म्हणून खाली बसले. किस्से आठवले ते घरी जाताना, रिक्षात. एक आठवला की त्याला धरून दुसरा. गुप्ते सरांचे किस्से रोह्यात प्रत्येकाकडे आहेत. माझ्याकडचे जरा वेगळे, कारण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मी नीट वागलेले नाही.

सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच डिपार्टमेंटला लेक्चरर. सरांना जन्मभर वेड एकाच माणसाचं. अठराव्या शतकातला एक इंग्रज लेखक. आधी नाटकं लिहून त्याने सरकारची टिंगल केली. नाटकं बंद पाडली तेव्हा वकील झाला, पुढे न्यायाधीश, आणि या सगळ्याच्या मधे हसवणाऱ्या जाडजूड कादंबऱ्या. सर त्याचं नाव घ्यायचे नाहीत. "आपला साहेब" म्हणायचे. त्याच्यावर मराठीत पुस्तक लिहिणं चालू होतं, ते मी एफ.वाय.ला होते तेव्हापासून.

*

एफ.वाय.चं पहिलं लेक्चर. सर पुस्तक न उघडताच सुरू झाले. "आपला साहेब चांगला सहा फुटी. जेवायला बसला की उठायचं नाव नाही. आणि दारात कुणी रडत आलं की हातात असेल ते देऊन मोकळा."

मी निडी गावची. घरात भात आणि वाल पिकायचा, इंग्रजी पुस्तक कधी आलं नव्हतं. मला वाटलं, हे रोह्यातलेच कुणीतरी. हात वर केला. "सर, ते कुठल्या आळीत ऱ्हातात?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"लंडनला राहायचा. जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण तुला भेटला ना? झालं तर. बाकीच्यांना मी नोट्स देतो."

*

मी नोकरीला लागले ते टेंपररी. त्याच वर्षी गॅदरिंगला सरांनी साहेबाच्या धाटणीचं एक छोटं नाटक लिहिलं. एक मंत्री एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन करतो, आणि पूल कुठेच नसतो. पहिल्या रांगेत आमच्या संस्थेचे अध्यक्ष बसले होते. सगळ्यात मोठ्याने तेच हसत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना नाटकाचा अर्थ समजावून सांगितला.

मीटिंग लागली. टेबलावर नाटकाची वही. अक्षर माझं. मीच ते स्वच्छ लिहून काढलं होतं आणि दोन विनोद माझ्या पदरचे घातले होते.

"मॅडम, तुमचा काही संबंध?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. मला काहीच माहीत नव्हतं."

सर म्हणाले, "अक्षर माझं आहे."

सरांचं अक्षर वीस वर्षं त्या कॉलेजच्या फळ्यांवर होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते ओळखू यायचं. अध्यक्षांनी वही मिटून बाजूला ठेवली.

आठवड्याने नोटीस लागली, यापुढे प्रत्येक नाटक आधी कमिटीला दाखवायचं. सर बोर्डासमोर उभे राहून ती सावकाश वाचत होते. "साहेबाला गप्प करायला पार्लमेंटला कायदा करावा लागला. माझं एका नोटिशीत भागलं."

मला माफी मागायची होती. मी विचारलं, "सर, चहा घेणार?"

*

साहेबाची बायको गेली तेव्हा तिची मोलकरीण आणि तो, दोघं एकत्र बसून रडायचे. काही वर्षांनी त्याने तिच्याशीच लग्न केलं. सगळं लंडन त्याला हसलं. हा भाग सर फार मायेने शिकवायचे.

मग सरांच्या पत्नी गेल्या. आजारपणात दोन वर्षं घरकामाला येणाऱ्या सुमनताईंनी त्यांचं सगळं केलं होतं. त्यानंतरही त्या सरांचा स्वयंपाक करायला येत राहिल्या. एक दिवस स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "सर आता साहेबाचं पुढचं प्रकरण सुरू करणार वाटतं." सगळे हसले. मीही हसले. आठ दिवसांत ते वाक्य बाजारात पोचलं.

सुमनताई दारातच उभ्या राहिल्या. "सर, मी नाय येत उद्यापासून. माज्या पोरींची लग्ना व्हायची हायेत."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

तेव्हापासून सरांचा डबा मेसमधून यायला लागला. पुढच्या वर्षी वर्गात तो भाग आला, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "साहेबाने दुसरं लग्न केलं. पुढचं पान उघडा."

*

परीक्षेत एका मुलीची चिठ्ठी मी पकडली. जिते गावची, अश्विनी. साहेबाची हातभर मोठी कादंबरी तिने तळहाताएवढ्या कागदावर उतरवली होती, तीही स्वतःच्या शब्दांत. परीक्षा कमिटीचे प्रमुख सर. त्यांनी चष्मा सारखा करत ती दोनदा वाचली.

"मला जन्मात हे इतकं थोडक्यात जमलं नाही," ते म्हणाले. आणि नियमाप्रमाणे तिचं वर्ष रद्द करणाऱ्या कागदावर सही केली.

पुढच्या रविवारी सर गाडीने जित्याला तिच्या घरी गेले. वडिलांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. घरी बसवू नका. मी येऊन शिकवतो."

वडिलांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "पन सर, सही तुमीच केलीत ना?"

सर पुढच्याच गाडीने परत आले. त्या दिवाळीनंतर अश्विनीचं लग्न झालं. सर मला म्हणाले, "साहेब सकाळी कोर्टात बसायचा आणि घरी येऊन लोकांना हसवणारं लिहायचा. कसं करत असेल गं?"

चिठ्ठी कुणी पकडली होती, हे त्यांनी एकदाही काढलं नाही.

*

साहेबाचा सावत्र भाऊ आंधळा होता. तोही न्यायाधीश, आणि चोरांना आवाजावरून ओळखायचा म्हणे. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी सर हजेरी घेत होते. एकदम थांबले.

"रोल नंबर सतरा, तू आत्तापर्यंत तिसऱ्यांदा हजर आहेस."

मुलं खूश. आठवडाभर ती त्या वाक्याची नक्कल करत होती. मी मात्र त्या दिवशी दारातून बघितलं होतं, हजेरीचं पुस्तक त्यांच्या समोर मिटलेलंच होतं. नावं सगळी पाठ होती.

"सर, डोळे दाखवलेत का?"

"दाखवले. डॉक्टरांना दिसले. मला डॉक्टर नीट दिसले नाहीत."

*

रिटायर झाल्यावर सरांना जवळजवळ दिसेनासं झालं. पुस्तक पूर्ण होतं, फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्यांचा फोन आला, "वैशाली, मी सांगतो, तू उतरून घे." मी म्हटलं, कॉलेजच्या तपासणीला कमिटी येतेय, ती झाली की येते. असं तीनदा झालं. शेवटी मी त्यांच्याकडे गेले ती मे महिन्यात.

साहेबाचा शेवट आम्हा सगळ्यांना वर्गात ऐकून माहीत होता. अंगात पाणी भरलं, चालता येईना. उबदार हवेसाठी पोर्तुगालला जायचं ठरलं. खुर्चीत बसवून त्याला जहाजावर चढवलं. वारा नाही म्हणून ते जहाज कितीतरी दिवस इंग्लंडच्याच किनाऱ्याला अडकून पडलं, आणि हा पडल्या पडल्या बरोबरच्या लोकांच्या गमती लिहीत राहिला. शेवटी लिस्बनला पोचला, आणि दोन महिन्यांत तिथेच गेला.

सर दुपारभर सांगत होते, मी लिहीत होते. खुर्ची, खलाशी, कप्तानाचा राग, मिटलेली शिडं. आवाज इतका लागला होता की मधेच मी लिहायचं विसरून ऐकत बसले. मग सर थांबले. मी वाट बघितली.

"सर, पुढे?"

"झालं. एवढंच."

"पण तो लिस्बनला पोचला ना?"

"पोचला."

"मग ते लिहू?"

सरांनी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर नारळाची झावळी हलत नव्हती.

"नको," ते म्हणाले. "वारा पडलाय अजून."