शरणम्माचा जबाब

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्यातच दुष्काळ पडला. उदगीरचे मल्लिकार्जुन वकील दर सोमवारी रोजगार हमीच्या तलावाच्या कामावर येत. भाकरीच्या सुट्टीत आम्हा बायकांना ते कायदा शिकवत.

पाण्याच्या टँकरसाठी आम्ही रस्ता अडवला, तेव्हा पोलीस जमादार आमच्यातल्या शरणम्माच्या घरी आला.

"जबाब द्यायला ठाण्यात चल."

"बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवता येत न्हाई, साहेब. कायदा हाय. इथंच लिहून घ्या."

जमादार घुटमळला, मग ओट्यावर बसून लिहू लागला.

पुढच्या सोमवारी वकील खाली आमच्यात बसले आणि म्हणाले, "शरणम्मा, आज तुम्ही शिकवा." तोंडाला पदर लावून, लाजत ती बोलत राहिली. त्या दुपारी आम्ही किती हसलो होतो!